नरक्यात कॅन्सरवरचं संयुग आहे, मग त्याचा काढा का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की, सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅन्सरच्या पेशी मारणारं संयुग आहे हे माहीत असताना औषध यायला इतकी वर्षं का लागली, आणि घरी काढा करून का घेऊ नये. मी औषधी रसायनशास्त्रात काम करते, म्हणून लिहिते.

ते संयुग म्हणजे कॅम्पटोथेसिन. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून ते वेगळं केलं आणि १९६६ मध्ये त्याची रचना मांडली. उंदरांच्या ल्युकेमियावर ते उत्तम चाललं. पण पाण्यात जवळजवळ विरघळेचना, मग शिरेतून द्यायचं कसं? म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. तो झटकन विरघळला आणि रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या.

घात तिथेच झाला. क्षार करताना रेणूतलं एक वलय उघडतं, आणि सगळा गुण ते वलय बंद असण्यात आहे. रक्तात बरंचसं निकामी रूपच फिरत राहिलं. लघवी आम्लधर्मी असली की वलय पुन्हा बंद होतं, त्यामुळे विषाचा मारा ट्यूमरऐवजी मूत्राशयाच्या अस्तरावर झाला. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबवाव्या लागल्या. हे वाचताना मला आजही त्या रुग्णांचं फार वाईट वाटतं.

१९८५ मध्ये कळलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या, डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतो, आणि पेशी विभागायला निघाली की तिचा डीएनए तुटतो. त्यानं पुन्हा उमेद आली. रसायनशास्त्रज्ञांनी ते वलय तसंच ठेवून रेणूच्या दुसऱ्या टोकाला नायट्रोजन असलेले गट जोडले. तो विरघळू लागला. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान आली. अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली १९९६ मध्ये. पहिलं अंडाशयाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी.

नरक्यात कॅम्पटोथेसिन असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. पण झाडात आहे तो मूळ, न सुधारलेला रेणू. काढ्यात तो किती उतरला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही तो मारतो. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर कृपा करून हा काढा देऊ नका. आधीच दिला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आजच सांगा.