बाळ घरी येण्याआधी
कोल्हापुरात ऐन आषाढात बाळ घरी येणार असेल, तर पाळण्याआधी लंगोटांचा विचार करावा, कारण इथल्या झडीत ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आम्ही शेवटी रात्री अकराला इस्त्री फिरवून वाळवत होतो, तेव्हा किमान दोन डझन लंगोट आणि जुन्या सुती साडीची आठ-दहा दुपटी धुऊन ठेवावीत. बाळाच्या खोलीत शेगडीची धुरी नको, आजींना हे सांगणे अवघड असले तरी. नाळेला तेल-हळद न लावता ती कोरडी ठेवावी. साधारण एक-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते. मध किंवा बाळगुटी न देता सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. दवाखान्यातून निघताना बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लसींची नोंद कार्डावर तपासावी. तळहात-तळपाय पिवळे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.