सोयरीक, लोहाच्या गोळ्या आणि सिकलसेलचं कार्ड

रक्ताच्या आनुवंशिक आजारांबद्दल तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच उत्तरं देते.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात सलाईनच लावायचं, तर जेनेटिक्स कशाला? (लातूर)
हिस्टरी तुम्हीच घेता म्हणून. "घरात कुणाला सारखं रक्त चढवावं लागतं का?" हा आनुवंशिक आजाराचा माग काढणारा प्रश्न डॉक्टरांच्या आधी तुम्ही विचारायचा आहे.

प्रश्न : मुलाला माझ्या भावाची मुलगी करायची आहे. रक्तगट वेगळे आहेत, मग अडचण नाही ना? (परभणी)
रक्तगटाचा इथे संबंधच नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका एरवी 2-3 टक्के, इथे साधारण दुप्पट. बहुतेक लेकरं निरोगीच निघतात. पण पत्रिका दोन ठिकाणी दाखवता, तर साखरपुड्याआधी रक्तही तपासा आणि जेनेटिक समुपदेशकाला भेटा.

प्रश्न : चौथ्या महिन्यातली बाई, तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन 10 च्या पुढे सरकत नाही. गोळ्या फेकत असेल का? (उपकेंद्रातली सिस्टर, बीड)
फेकतही असेल, विचारा. पण आधी सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद पूर्ण वाचा, सिस्टर. एका बाईच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मी तीन रिपोर्ट पाहिले. तिन्हींत एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) 62, आरबीसी (लाल पेशींची संख्या, दशलक्षांत) 5.4, आणि तिन्हींवर शेरा एकच : "गोळ्या चालू ठेवा". 62 भागिले 5.4 करा, साडेअकरा येतात. 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची, म्हणजे बाई स्वतः आजारी नाही, पण थॅलेसेमियाचं एक सदोष जनुक बाळगणारी 'वाहक' आहे. हे गणित म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी करतात. त्यात एचबीए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) सहसा 3.5 टक्क्यांच्या वर दिसतं. लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचावा. गोळ्या मनाने बंद करू नका.

बाई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणारा आजार, होण्याची शक्यता 25 टक्के. "एक लेकरू आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" हे मी किती सासवांच्या तोंडून ऐकलंय! दर खेपेला हिशोब नव्याने सुरू होतो. आणि वेळ? बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात, गर्भजल 15-16 आठवड्यांपासून. रिपोर्टला दिवस लागतात, गर्भ ठेवायचा की नाही या निर्णयाला कायद्याची मुदत आहे. डोहाळजेवण उरकून येणाऱ्यांना मी काय सांगू? तुमच्या बाईला आजच पाठवा.

प्रश्न : थुंकी पाठवली की आयुष्यभराचा आहार सांगणारी जीन टेस्ट घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)
नको. पैसे वाचवा, आहारतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : मुलगी सिकलसेल 'एएस' आहे. सोयरिकीत सांगायचं का? (किनवट)
सांगायचं. सिकलसेल हाही आनुवंशिक रक्ताचा आजार, आणि एएस म्हणजे त्याची वाहक. ती आजारी नाही. मुलगा 'एए' (सिकलसेलचा दोष नसलेला) असेल तर त्यांच्या लेकरांना सिकलसेलचा आजार होणार नाही. मात्र मुलाचीही तपासणी मागा. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर (झटपट प्राथमिक चाचणीवर) थांबू नका, तिच्यात वाहक आणि आजारी दोघंही पॉझिटिव्हच दिसतात. एचपीएलसीचा कागद हातात आल्यावरच सुपारी फोडा.