50 तासांच्या आकड्यावर विहीर बेतू नकोस

खडकात दाबाने पाडलेली भेग मिटू नये म्हणून तिच्यात जे दाणे भरतात, त्या प्रॉपंटच्या माहितीपत्रकातला कंडक्टिव्हिटीचा (भेगेतून गॅस किती सहज वाहतो त्याचा) आकडा थेट विहिरीच्या मॉडेलमध्ये टाकू नकोस. ओहायो सँडस्टोनच्या दोन सपाट चकत्यांमध्ये, दर चौरस फुटाला 2 पौंड प्रॉपंट पसरून, 50 तास दाबाखाली ठेवून तो काढलेला असतो. विहिरीने मात्र वर्षानुवर्षं गॅस द्यायचा आहे! खऱ्या भेगेत थर पातळ बसतो, दाणे आत वाहून नेणाऱ्या जेलचा गाळ अडकतो, दाणे मऊ शेल खडकात रुततात. त्या आकड्याचा दहावा हिस्सा हाती लागला तरी मी समाधान मानतो.

लुइझियानातल्या हेन्सव्हिलसारख्या खोल शेलमध्ये भेग मिटवणारा दाब 10,000 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढे जातो. 20/40 मेशची (20 नंबरच्या चाळणीतून पडणारी, 40 नंबरच्या चाळणीवर अडकणारी) साधी वाळू 6,000 च्या आसपासच चुरायला लागते. क्रश टेस्टनंतरचा (दाणे दाबून बघायच्या चाचणीनंतरचा) चुरा एकदा बोटांत चोळून बघ, अगदी पिठासारखा लागतो. तोच दाण्यांमधल्या फटी बुजवतो. सिरॅमिकचे दाणे महाग आहेत, मान्य. निदान दाणे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, विहिरीलगतच्या भागासाठी तरी ते वापर.

आणि सुरुवातीला जास्त उत्पादन दाखवायच्या नादात चोक (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) एकदम उघडू नकोस. भेगेतला दाब उतरला की तेवढा भार दाण्यांवर येतो. विहीर वारंवार बंद-चालू केलीस तरी दाणे असेच मार खातात.