एचआयव्ही आराखडा: गरोदर बाई माहेरी गेली की पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट तालुक्याचा पुढच्या वर्षाचा एचआयव्ही आराखडा लिहायचा आहे, गरोदर महिलांच्या चाचण्यांचं उद्दिष्ट टाकलंय, आणखी काय मांडायचं? माझं मत स्पष्ट आहे. चाचण्यांना एक ओळ द्या आणि बाकी आराखडा चाचणीनंतरच्या दोन वर्षांचा लिहा. बाळाला लागण होऊ न देणं तिथेच साधतं किंवा तिथेच निसटतं.

उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर होते ती फक्त प्राथमिक तपासणी. निदान ठरतं आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या ३ किटवर. पहिल्या दोन रिअ‍ॅक्टिव्ह आणि तिसरी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर अहवाल अनिश्चित धरून १४ ते २८ दिवसांनी पुन्हा नमुना घेतात. चिठ्ठी देऊन ‘जाऊन या’ म्हटलं की रोज बुडतो म्हणून बाई जात नाही. म्हणून ‘रेफर केले’ हा रकाना काढा, ‘पोहोचली, तारीख’ हा घाला. सोबत कोण जाणार, एसटीचं भाडं कोण देणार, हेही तिथेच लिहा. निदान झालं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, शक्य तितक्या लवकर सुरू. सीडी-४ च्या (रक्तातल्या प्रतिकारपेशींच्या) आकड्यासाठी थांबायचं नाही, २०१७ पासून धोरणच तसं आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर एक गोष्ट हमखास सांगायची राहते. टीएलडी म्हणजे तीन औषधांची एकत्र एआरटी गोळी; तिच्यातलं डोल्युटेग्राव्हिर लोह आणि कॅल्शियमसोबत रिकाम्या पोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही, आणि गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या आपणच देतो. टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. हे वेळापत्रक जमत नसेल तर जेवणासोबत एकत्र घेतलेल्या चालतात, आणि बहुतेक घरांत हेच पाळलं जातं.

आता माहेर. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, ३२ ते ३६ आठवड्यांत तपासायचा असतो आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते. अक्कलकोटच्या कित्येक सुनांचं माहेर कलबुर्गी नाहीतर विजयपुरा जिल्ह्यात, म्हणजे राज्यच वेगळं. तपासणी चुकली किंवा आकडा १००० च्या वर असला तर बाळ जास्त जोखमीचं धरतात. मग बाळाला एकट्या नेव्हिरापिन या प्रतिबंधक औषधावर न थांबता नेव्हिरापिन आणि झिडोव्हुडिन दोन्ही द्यावी लागतात, आणि बाळ अंगावर पीत असेल तर १२ आठवडे. हे तिकडच्या प्रसूतिगृहाला बाळंतपणाआधी कळलं पाहिजे. त्यामुळे सहाव्या महिन्यातच समुपदेशकाने माहेरचा पत्ता, तिथलं जवळचं एआरटी केंद्र आणि बाळंतपणाची अपेक्षित तारीख लिहून घ्यावी, प्रसूतीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मिळवून द्याव्यात आणि तिच्या संमतीने तिकडच्या समुपदेशकाला फोन करावा. फोन कन्नडमध्ये करणारा माणूस हवा. अक्कलकोटसाठी पदं भरताना ही अट धरा.

बाळाची पहिली डीबीएस, म्हणजे कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरची एचआयव्ही तपासणी, ६ आठवड्यांना होते. तेव्हाच पेंटाव्हॅलेंट लशीचा पहिला डोस असतो, म्हणून दोन्ही एकाच फेरीत बसवा. त्यानंतर ६, १२ आणि १८ महिन्यांना तपासणी. पहिली निगेटिव्ह आली की घरचे निश्चिंत होतात आणि पुढच्या राहतात. स्तनपान चालू आहे तोवर धोका संपलेला नसतो, हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि सासूला किंवा नवऱ्याला सांगायचं का हे त्या बाईला ठरवू द्या.

यादी समुपदेशकाकडेच राहावी. आशाताईंच्या वहीत नाव आणि निदान शेजारी शेजारी लिहिलेलं चालणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ओळख उघड करायला मनाई आहे, आणि गावात एकदा बातमी फुटली की पुढच्या दहाजणी तपासणीलाच येत नाहीत.

प्रसूतिगृहात पीईपीच्या, म्हणजे रक्ताशी संपर्क आल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या, गोळ्या कपाटात नव्हे, ड्युटीवरच्या सिस्टरच्या हाताशी ठेवा. कर्मचाऱ्याला सुई टोचली तर पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत, आणि पुढे पूर्ण २८ दिवस. ही सोय नसते तिथेच लागणीच्या भीतीने कळा सुरू झालेल्या बाईला रात्री सोलापूरला पाठवलं जातं. साठा आणि मुदत दर महिन्याला कोण तपासणार, त्या पदाचं नाव आराखड्यात हवं.