आधी इमारत ओळख, मग मॉडेल

इमारतीच्या एसीसाठी प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे पुढचा अंदाज बांधून यंत्रणा चालवणं, शिकायला घेतलंस, छान. पण पायथॉन उघडण्याआधी आठवडाभर चिलर प्लांटच्या (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रणेच्या) ऑपरेटरसोबत बस. कुठला सेन्सर थापा मारतो, ते त्यालाच ठाऊक असतं. माझ्या पहिल्या कामात रिटर्न एअरचा, म्हणजे खोल्यांतून परत येणाऱ्या हवेचा सेन्सर 2 अंश जास्त दाखवत होता आणि मी महिनाभर मॉडेललाच दोष देत बसलो.

तत्त्व सोपं आहे. पुढच्या 24 तासांचं हवामान, माणसांची वर्दळ आणि विजेचा दर धरून योजना आखायची, त्यातलं पहिलं पाऊल तेवढं अमलात आणायचं, 15 मिनिटांनी पुन्हा नव्याने गणित. सुरुवातीला साधं आरसी मॉडेल पुरे, म्हणजे भिंती-स्लॅब उष्णता किती अडवतात आणि किती साठवतात एवढंच मांडणारं. न्यूरल नेटवर्कचा मोह नंतर.

खरी बचत दडलेली असते काँक्रीटमध्ये. एप्रिलमध्ये पुण्यातलं ऑफिस पहाटेच थंड करून ठेवलं, तर स्लॅब तो गारवा दुपारकडे हळूहळू सोडतो आणि बिलातली केव्हीए मागणी, म्हणजे विजेची कमाल मागणी, उतरते. मात्र मध्ये फॉल्स सीलिंग असेल तर हा साठा फारसा हाती लागत नाही. मुंबईच्या जुलैत तर हा हिशेबच बदलतो, तिथे झगडा दमटपणाशी. वीज वाचवायला चिल्ड वॉटरचं (चिलरमधून येणाऱ्या गार पाण्याचं) तापमान फार चढवलंस की हवा गार करणारी कॉइल तिच्यातलं बाष्प पुरेसं काढत नाही, फायलींना बुरशी लागते आणि लोक तुझ्या नावाने बोटं मोडतात.

आणि हो, गणपतीची सुट्टी कॅलेंडरमध्ये घाल. रिकामं ऑफिस इमानेइतबारे गार करणारं मॉडेल मी पाहिलंय! नेट गेलं की जुना बीएमएस (इमारतीची यंत्रणा सांभाळणारी मूळ कंट्रोल सिस्टीम) ताबा घेतो ना, हे स्वतः वायर काढून तपास.