उजनीहून भीमा नदीतून छोट्या बोटीने सोलापूरला येता येईल का? चौघे आहोत, डिसेंबरात पाच दिवस मोकळे आहेत. नियोजन कसं करावं?

येता येईल, पण उजनीपासून पाच दिवसांत नाही, आणि थेट सोलापुरातही नाही. भीमा शहराला शिवतच नाही. ती दक्षिणेला टाकळीजवळ विजयपूर रस्त्याला आडवी येते, तिथून पुढे शहर गाडीनेच गाठायचं. शहराजवळून जाते ती सीना. डिसेंबरात तिच्यात सलग पाणी मिळेल या भरवशावर बेत करू नका.

आधी अंतराचा हिशेब. उजनी, मग नीरा मिळते ते नरसिंहपूर, पंढरपूर, माण नदी मिळते ते सरकोली, बेगमपूर-माचणूर आणि शेवटी टाकळी. नकाशावर सरळ रेघा जोडल्या तरी शंभराच्या वर किलोमीटर होतात आणि भीमा सरळ वाहत नाही, चंद्रभागा हे नाव तिला उगाच मिळालेलं नाही. उपग्रह नकाशावर पात्राच्या मधोमध रेघ ओढून मोजा, रस्त्याचे आकडे धरू नका. बंधाऱ्यामागचं पाणी संथ असतं, प्रवाहाची मदत जवळजवळ शून्य. सामानाने भरलेली वल्ह्याची बोट तिथे ताशी तीन-चार किलोमीटर जाते. बंधारे ओलांडण्याचा वेळ वजा केला तर दिवसाला पंधरा किलोमीटर पुष्कळ झाले. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर बेगमपूरच्या पुलापासून सुरुवात करून टाकळीला संपवलं असतं. चार दिवस वल्हवायला, पाचवा राखीव. खालच्या टप्प्यात औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांमध्ये सोलापूरच्या पिण्याचं पाणी अडवलेलं असतं, त्यामुळे तिथे बोटीपुरती खोली मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता खरी गोष्ट. या नदीवर तुमची तारीख तुम्ही ठरवत नाही, धरण ठरवतं. पावसाळ्यानंतर भीमेत जे पाणी दिसतं ते बंधाऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं, किंवा उजनीतून सोडलेलं. सोलापूरसाठी नदीत पाणी सोडतात तेव्हा विसर्ग हजारो क्युसेकचा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे सहा हजार क्युसेकला सेकंदाला सुमारे एक लाख सत्तर हजार लिटर. हे पाणी औजपर्यंत पोचायला आठवडाभर किंवा जास्त लागतो. नेमकं त्याच्या तोंडाशी सापडलात तर रात्री तंबूपासून दहा पावलं लांब असलेलं पाणी पहाटे तंबूत असेल. उलट आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, होऊन महिना-दोन महिने झाले असतील तर मधले पट्टे कोरडे पडून बोट डोक्यावर घ्यावी लागेल. सगळ्यात बरा काळ म्हणजे विसर्ग बंद झाल्यावर, बंधारे नुकते भरलेले असताना. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून सोलापूरच्या वर्तमानपत्रांत विसर्गाच्या बातम्या बघा आणि सिंचन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढची पाळी कधी आहे ते विचारा.

दुसरा प्रश्न बंधाऱ्यांचा. सगळे कोल्हापूर पद्धतीचे: दगडी किंवा काँक्रीटचे खांब आणि मधल्या गाळ्यांत बसवलेली दारं. पावसाळा सरल्यावर दारं बसवतात, पुढच्या पावसाआधी काढतात. वरच्या बाजूने बोटीतून बघितलं तर बंधारा दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ कड दिसते आणि पलीकडचा आवाज येतो. आवाज आला की निदान दोनशे मीटर आधी काठ धरायचा. काही गाळ्यांची दारं काढलेली असली तर सगळी ओढ त्या फटींकडे असते. बोट आडवी होऊन खांबाला चिकटली की पाण्याचा दाब तिला सोडत नाही. वरून पाणी सांडत असेल तर बंधाऱ्याच्या पायथ्याशी ते उलटं फिरून परत भिंतीकडे येतं. लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यात घोळत राहतो. दोन फुटांची धार दिसते म्हणून कुणी उतरायचा मोह धरू नये.

म्हणून आधी एक दिवस मोटरसायकलवरून प्रत्येक बंधारा बघून या. चढायचं डाव्या काठाने की उजव्या, पायवाट आहे का, छोटा हत्ती (लहान टेम्पो) कुठवर येतो, हे कागदावर लिहा. सामान उतरवणं, बोट उचलणं, परत भरणं याला एका बंधाऱ्यामागे तासभर धरा. खाली एखादा पट्टा कोरडा निघाला तर त्याच टेम्पोवाल्याला फोन करता येतो.

यातूनच बोटीचं वजन ठरतं: दोघांनी उचलून शंभर-दोनशे पावलं चालता आलं पाहिजे. दोन-दोन माणसांच्या दोन फुगवायच्या कायाक बऱ्या, वीस किलोच्या आतबाहेरच्या. इंजिन नकोच. जलपर्णी, मच्छीमारांची जाळी आणि वाळूचे उंचवटे त्याला एक तास चालू देणार नाहीत. फुगवायच्या बोटीचा शत्रू म्हणजे काठावरच्या वेड्या बाभळीचा काटा. बोट काठावर ओढू नका, उचला. भोकाच्या चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर जाईल एवढं ठिगळ संध्याकाळी लावलं तर सकाळपर्यंत डिंक धरतो; दुपारी घाईत लावलेलं सुटतं. पहाटे गारठ्यात गच्च फुगवलेली बोट दुपारी तापलेल्या वाळूवर ठेवली की शिवण उकलते, तेव्हा बाहेर काढताच थोडी हवा सोडा.

उथळ पाण्यात बोट ओढतानाही जॅकेट अंगात हवंच. वाळू उपशाचे खड्डे भीमेत जागोजागी आहेत. घोट्याएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं, आणि खड्ड्याच्या कडेची वाळू धरायला गेलं तर ती ढासळते. वल्ह्याने पुढे टोचत चाला.

काठावर शेतीपंपांचे पाइप आणि वायरी असतात. त्यांना बोट बांधू नका, ओल्या हाताने काही बाजूला सारू नका. शेतीची वीज रात्री आली की शेतकरी मोटार चालू करायला येतात, त्यांच्या वाटेवर तंबू ठोकू नका. उसाच्या बांधालाही नको, तिथे घोणस असते आणि ऊसतोड चालू असेल तर पहाटे ट्रॅक्टर येतो. उंच मोकळा काठ बघा, गावात सांगा आणि मगच उतरा. कुठल्या डोहात मगर दिसते का, हे कोळी लोकांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

नदीचं पाणी उकळूनही पिऊ नका. पुण्या-पिंपरीपासूनचं सांडपाणी याच नदीला येतं. चौघांना पिण्या-रांधण्याला दिवसाला वीस लिटरचा एक जार लागतो. दोन दिवसांचे दोन भरून घ्या, पुढे गावातल्या आरओ प्लांटवर भरा. जेवणाला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यापुढे कुठलंही पाकीट फिकं, फक्त भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नदीकाठच्या दमट हवेने ती वातड होते.

हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे तोंडावर. धुकं विरलं की निघा, दुपारी एकच्या आत मुक्काम गाठा. उजनीच्या जलाशयाचा पर्याय मनात असेल तर तिथे बंधारे नाहीत, पण वारा उघडा आहे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले.

निघण्याआधी हद्दीतल्या पोलीस ठाण्यांत नावं, मार्ग आणि उतरायची तारीख लेखी द्या. खालच्या टप्प्यात उजवा काठ कर्नाटकचा, तेव्हा ओळखपत्रं जवळ असू द्या. बंधाऱ्यांच्या भिंतींवर आणि शहराच्या उपसा केंद्राजवळ थांबू नका.

टाकळीला उतरल्यावर राखीव दिवस उरला तर गाडीने हत्तरसंग कुडलला जा, सीना-भीमेचा संगम आणि शके ९४० चा मराठी शिलालेख तिथे आहे. बोट मात्र त्याआधी उन्हात पूर्ण वाळवून मगच घडी घाला. ओली घडी ठेवली तर आठवडाभरात तिला बुरशी धरते.