विश्वास डळमळीत असताना आगमनकाळात दान देणं ढोंग आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाता, पण मन पूर्वीसारखं लागत नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधी धर्मग्रामातून (आपल्या चर्चकडून) आलेलं दानाचं पाकीट घरी फ्रिजवर पडून आहे. श्रद्धा अशी डळमळीत असताना ते भरून देणं ढोंग ठरेल का? आणि द्यायचंच तर किती?

मी वसईचा. सात-आठ वर्षं आमच्या चर्चमधल्या, गरिबांना घरी जाऊन मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. त्यामुळे पाकीट भरणाऱ्यांचंही थोडं पाहिलंय आणि ते पैसे ज्यांच्या दारात पोहोचतात त्यांचंही.

ढोंगाला बघणारा लागतो. आमच्या बैठकीत शेवटी एक कापडी थैली फिरते, गुप्त थैली. मूठ बंद करून हात आत घालायचा आणि बाहेर काढायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी काहीच नाही, हे शेजारच्या खुर्चीवरच्यालाही कळत नाही. माझी नोकरी गेली होती तेव्हा तीन महिने मी रिकामीच मूठ घालत होतो. कुणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच नाही. तुमचं पाकीट नाव न घालता अर्पणाच्या वेळी टाकून द्या, ढोंगाचा प्रश्न तिथेच मिटतो.

श्रद्धेचं म्हणाल तर या सोसायटीची सुरुवातच एका टोमण्यातून झाली. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी चर्चच्या बाजूने वाद घालत असे. समोरच्यांनी विचारलं, पूर्वी तुमच्या चर्चने केलं असेल काही, आज गरिबांसाठी काय करता ते दाखवा. ओझानामने त्यावर आणखी एक भाषण ठोकलं नाही. तो आणि त्याचा एक मित्र घरात उरलेलं सरपण घेऊन एका गरीब कुटुंबाकडे गेले. मला ही गोष्ट आवडते ती या सरपणासाठी.

माझं स्वतःचं सांगतो. पप्पा गेले त्या वर्षी मी कुमसाराला (फादरांपुढे पापं कबूल करायला) जाणं सोडलं. घरभेटी मात्र सुटल्या नाहीत, त्यात माझा मोठेपणा काही नाही. आम्ही जोडीने जातो आणि माझा जोडीदार दर गुरुवारी स्कूटर घेऊन खाली येऊन हॉर्न वाजवायचा. एक आजी होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. औषधं ठेवून निघालो की म्हणायच्या, ‘बाळा, प्रार्थना म्हणून जा.’ स्वतःसाठी मला तेव्हा ती म्हणवत नव्हती. त्यांच्यासाठी म्हणायचो. श्रद्धा परत आली का? विरार लोकलसारखी आहे, कधी वेळेवर, कधी रद्द. पण फलाटावर उभा असतो मी.

आता किती द्यायचं. दहावा हिस्सा दिलाच पाहिजे असा कॅथलिक चर्चचा नियम नाही. चर्चच्या गरजांना हातभार लावा एवढं चर्चचा कायदा सांगतो, आकडा सांगत नाही. बायबलमध्ये संत पौल करिंथकरांना लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही, कारण आनंदाने देणारा देवाला आवडतो. आगमनकाळाच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, मिस्सेत बायबलमधली विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट वाचतात, जवळ होतं तेवढं सगळं दान करणाऱ्या गरीब बाईची. सोमवारी सकाळी चर्चमध्ये असतात दहा-बारा म्हाताऱ्या, म्हणजे ज्यांना ही गोष्ट समजावायची गरज नाही नेमक्या त्याच.

रकमेपेक्षा मला दोन गोष्टी खटकतात. पहिली कपड्यांची. एका वर्षी जमा झालेले कपडे निवडायला बसलो होतो. चेन तुटलेल्या पँटी, पिवळे पडलेले शर्ट, एका पायाचा मोजा. बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. त्याला कपाट आवरणं अभिप्रेत नसावं. तुम्ही अजून घालता तो शर्ट द्या, नाहीतर राहू द्या.

दुसरी गोष्ट डिसेंबरची. नाताळ आला की आमच्याकडे केक, तांदूळ, ब्लँकेटं ठेवायला जागा नसते. एका घरात त्या वर्षी चार केक पोहोचले आणि विजेचं बिल थकलेलंच राहिलं. गरज खरी भासते ती जून-जुलैत. वसईतल्या पाचूबंदरच्या मासेमारी होड्या किनाऱ्यावर, बांधकामं थांबलेली, मुलांच्या वह्या-गणवेशाचा खर्च त्याच महिन्यात. तेव्हा आमची थैली हलकी असते. पावसात कोणाला नाताळ आठवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चचं नवं वर्ष सुरू होतं, कॅलेंडरच्या आधीच. पाकिटात जी रक्कम टाकणार होतात तिचे बारा भाग करा आणि त्या दिवसापासून महिन्याला एकेक द्या. बँकेत एकदा सांगून ठेवलं की आपला मूड विचारात घेतला जात नाही. तुमच्यासारख्या माणसाला हे बरं. ज्या महिन्यात देवाशी भांडण असेल त्याही महिन्यात पैसे जातात.

फादरांना हिशेब विचारायला संकोचू नका. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी लागते आणि विशिष्ट कामासाठी दिलेलं दान त्याच कामासाठी वापरावं, असं चर्चचाच कायदा सांगतो. त्यामुळे पाकिटावर ‘औषधांसाठी’ असं बिनधास्त लिहा. आयकरात सूट हवी असेल तर त्या संस्थेला दिलेल्या दानावर ती मिळते का ते बघा आणि 2,000 रुपयांच्या वर रोख देऊ नका, त्यावर सूट मिळत नाही.

माझी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. गेल्या जूनमध्ये थैलीत जे जमलं त्यातून एका घरावर ताडपत्री घातली. शिडी धरायला मीच होतो, वरून पाऊस चालू, आणि खालून त्या घरातली काकू ओरडत होती, ‘आधी चहा घ्या, मग चढा!’